माती कुठवर

अंगणवाडीचं छत पत्र्याचं. चैत्रात
दुपारी दीडला आत एक्केचाळीस.
महानंदाबाई म्हणतात, मॅडम,
खिचडी गरम ठेवावी लागत नाही,
राहतेच.

औशाहून मशीन आणली टेम्पोतून, गादीत गुंडाळून,
बाळंतिणीला आणतात तशी सावकाश.
मशीन म्हणजे मोठा सोऱ्या.
वरून चिखल भरायचा, खालून कुरडईसारखी वळी,
वळीवर वळी. कुठे वळायचं ते कॉम्प्युटर सांगतो.
पोरं दिवसभर दारात.

काळी माती ऐकेना.
वाळताना शंभराची ब्याण्णव होते
आणि गेलेल्या आठांचा राग भेगांतून काढते.
हवेचा एक बुडबुडा, की फट्,
सगळी रात्र जमिनीवर.
पंचेचाळीस अंशांपुढे कलली की बसते,
थकल्या माणसासारखी, आधी गुडघ्यात.

इरण्णा कुंभार तळ्याचा गाळ घेऊन आले.
चिमूटभर दाताखाली धरला, थुंकला.
"ज्वारीचा कोंडा घाल ह्यात. आव्यात कोंडा जळतोय,
त्याची जागा तेवढी रिकामी राहती.
माठ गार असतोय तो त्या रिकाम्या जागेनं."
तीन महिने मी हेच
आलेखांत शोधत होते.

मग जमलं. ओंजळीएवढा एकेक तुकडा,
आतून कुठेच सरळ नाही,
वारा शिरला की त्याला घाई करता येत नाही,
ओल्या मातीला अंग घासत घासत
पलीकडे निघतो तेव्हा निवलेला असतो.

"पण भिंतीला पाणी कुठलं पाजायलीस?"
टँकर आठवड्याला दोन. प्रश्न बरोबर होता.
फिल्टर प्लांटच्या मागे खारं पाणी
दिवसभर नालीत जातं, तेच वळवलं.
आता भाजल्या मातीवर मीठ फुलतं,
दर शनिवारी ब्रशने घासायचं.
ते मी अहवालात लिहिलंय. फोटोत दिसत नाही.

बसवायच्या दिवशी गुरलिंगअप्पा आले.
उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.
"कुठवर?"
छतापर्यंत, म्हणाले मी, नकाशा उलगडून.
त्यांनी नकाशा पाहिला नाही.
हात आडवा धरला छातीशी.
"हितवर. ह्याच्या वर माती नको."

ह्या गावात पन्नाशीपुढचं कुणी
का म्हणून विचारत नाही.
जुनं गाव दोन किलोमीटरवर, बाभळींच्या आत.
गणपती बोळवले त्याच रात्रीची पहाट.
माळवद दोन हात जाड होतं,
उन्हाळ्यात आत काय गार असायचं,
हेही अप्पाच सांगतात,
त्याच आवाजात.

माझा तुकडा सव्वा किलोचा, पोकळ,
दर चौथ्या ओळीला लोखंडी सळई, हिशोब पक्का.
मी हिशोबाची वही उघडलीही नाही.
रात्री बसून वरच्या सात ओळी पुसल्या.
कॉम्प्युटर म्हणाला, दोन अंश जातील.

गेले. माझ्या डोक्याशी अजून एकोणचाळीस.
पण गार हवा जड असते, खालीच राहते,
आणि पोरांची उंचीच तेवढी.
सतरंजीवर थर्मामीटर ठेवला: चौतीस.
रुख्मा नावाची एक तिथेच झोपून गेली,
गाल भिंतीला,
उठली तेव्हा गालावर वळ्यांचे ठसे.

अप्पा पुन्हा आले. ह्या वेळी आत.
भिंतीला छाती लावून उभे राहिले,
कापड मोजावं तसं.
"एक ओळ वर गेलीया."

काढली.
चौदा तुकडे निघाले. महानंदाबाईंनी ते
दुधाच्या पिशव्यांभोवती रचलेत,
वरून ओलं फडकं.